तसूभरापासून मायक्रॉनपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

'दिलेल्या शब्दापासून तसूभरही ढळणार नाही,' असं आपण सहज बोलून जातो. पण तसू म्हणजे नेमकं किती, असं कुणी विचारलं तर उत्तर देताना अडखळायला होतं. तसू हे आपल्याकडचं लांबीचं जुनं माप. गजाचा चोविसावा भाग म्हणजे एक तसू. त्याहून बारीक मोजायचं तर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं कोष्टक पाहावं. आठ यव म्हणजे एक अंगुळ आणि चोवीस अंगुळं म्हणजे एक हात. यव म्हणजे जवाचा दाणा. दाण्याची रुंदी धरली तर हे माप दोन-सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास येतं. त्याच्याखाली गेलं की आपली भाषा मोजणं सोडून देते आणि 'तीळभर', 'केसभर' असं म्हणू लागते. व्यवहाराला त्याहून बारीक काही लागतच नव्हतं.

आज सातारा किंवा सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहानशा शेडमध्ये डोकावून पाहा. आयटीआय होऊन आलेला विशी-बाविशीचा मुलगा हातात मायक्रोमीटर घेऊन सांगतो, "चार मायक्रॉन जादा आहे." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे हा मुलगा केसाच्या जाडीचे सत्तर भाग करून त्यातल्या चार भागांविषयी बोलत असतो. मी स्वतः आयुष्यभर मोजणीच्याच कामात होतो. जवाच्या दाण्यापासून केसाच्या सत्तराव्या भागापर्यंतचा हा प्रवास आपल्या या दोन जिल्ह्यांत कसा झाला, ते आज सांगायचं आहे.

त्याची धाव त्याच चाकाला

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या जुन्या कारागिरांना अचूकपणा ठाऊक नव्हता असं मुळीच नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. लोहार धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. मग ती शेणकुटांच्या आरात लालभडक तापवतो. तापलं की लोखंड प्रसरण पावतं. चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवली आणि वरून पाणी ओतलं की धाव आवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं घट्ट धरून ठेवते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला 'श्रिंक फिट' म्हणतात. धाव फार लहान झाली तर चाक मोडेल आणि मोठी झाली तर चार दिवसांत निखळेल. लोहाराचा अंदाज सहसा चुकत नसे.

दुसरं उदाहरण मिरजेचं. तिथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातले काही जण सतार-तंबोरे बनवू लागले. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानशीनं आणि पॉलिश कागदानं घासून त्याला अगदी बारीक बाक दिला जातो. त्याला 'जवारी काढणं' म्हणतात. बाक योग्य असेल तर तार घोडीला निसटता स्पर्श करत झंकारते, नाहीतर ती बद्द वाजते. इथं कुठलीही मोजपट्टी लागत नाही. कारागीर कानानं मोजतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या परंपरेचंच.

मग या कारागिरीत कमी काय होतं? कमी एवढंच, की ती धाव त्याच एका चाकाची होती आणि ती घोडी त्याच एका तंबोऱ्याची. खटावच्या लोहारानं बनवलेली धाव तासगावच्या चाकाला बसेल, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. वस्तू समोर ठेवायची आणि दुसरी वस्तू तिच्याजोगती घासत, ठोकत आणायची. मोजमापाची खरी गरज पडते ती जोडीची वस्तू समोर नसते तेव्हा.

माळावरचा कारखाना

जोडीची वस्तू समोर नसणं ही परिस्थिती आपल्या भागात आली ती कारखान्यांबरोबर. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, हे लक्षात आल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. रंगांनी दगा दिला, पण रेषेनं साथ दिली. कारखान्याची भाषा रेषेचीच असते. कागदावर एक आकृती काढायची, तिच्या शेजारी आकडा लिहायचा, आणि ज्यानं ती वस्तू कधी पाहिलेली नाही त्याच्याकडून ती बनवून घ्यायची. ही कला त्यांच्या हातात होती.

बेळगावात त्यांनी सायकलीचं दुकान काढलं, मग कडबा कापण्याची यंत्रं आणि लोखंडी नांगर. बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगानं आणि सापांनी भरलेला माळ त्यांना मिळाला. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं स्टेशनचंही नाव बदललं. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. पण ही विभागणी अलीकडची. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं.

याच रेल्वेमार्गावर, सातारा रोड स्टेशनजवळ पाडळीला, धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना सुरू केला. तिथंही सुरुवात नांगरांपासून झाली आणि पुढं तेलावर चालणारी इंजिनं आली. कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहानं या कारखान्यात प्रवेश केला.

लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकऱ्यांनी घेतला नाही. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी भीती होती. ती भीती ओसरली आणि मागणी वाढली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी किर्लोस्करांना दिल्याची हकीगत आपल्याकडे प्रसिद्ध आहे. पण मोजमापाच्या दृष्टीनं खरी गोष्ट पुढंच आहे. नांगर विकला की तो झिजतो. फाळ बदलावा लागतो. शेतकरी बैलगाडी करून चाळीस-पन्नास कोस कारखान्यात येणार नाही. तो जवळच्या बाजारात फाळ विकत घेणार आणि त्याची भोकं त्याच्या नांगराच्या भोकांवर बरोबर आली पाहिजेत. नाहीतर पेरणी तोंडावर आलेली आणि नांगर पडून. आता अंदाज चालणार नव्हता. हजार फाळ आणि हजार नांगर, कुठलाही फाळ कुठल्याही नांगराला बसला पाहिजे.

नांगराला हे निदान दोऱ्या-सुताच्या हिशेबात निभावतं. १९२६ च्या सुमारास किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप बनू लागले आणि हिशेब एकदम बारीक झाला. सेंट्रिफ्युगल पंपाच्या पोटात एक पंखा फिरतो. पंखा आणि बाहेरचं कवच यांच्यामधली फट मोठी झाली तर उचललेलं पाणी त्याच फटीतून परत मागं येतं. फट फार कमी ठेवली तर पंखा घासतो आणि अडकतो. पंख्याच्या दांड्यावर बॉल बेअरिंग बसतं. ते बेअरिंग कदाचित स्वीडनच्या गोटेनबर्गमध्ये बनलेलं असेल. ज्यानं ते बनवलं त्यानं किर्लोस्करवाडी पाहिलेली नाही आणि ज्यानं दांडा बनवला त्यानं स्वीडन. तरी दोन्ही भेटले की नीट बसले पाहिजेत. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या अशा दांड्याला आज साधारणपणे तेरा मायक्रॉनची सूट देतात. या सुटीला आपण कारखान्यात 'टॉलरन्स' म्हणतो. बरोबर पंचवीस मिलिमीटर कुणालाच करता येत नाही. देवालाही नाही, असं आमचे एक जुने फोरमन म्हणायचे. म्हणून 'इथपासून इथपर्यंत चालेल' अशी हद्द ठरवायची. इंजिनिअरिंगमधला प्रामाणिकपणा या हद्दीपासून सुरू होतो.

तीन पाट्या आणि एकशे दोन ठोकळे

ही हद्द पाळायची कशी, याचं शास्त्र तोपर्यंत युरोपात तयार झालं होतं. त्यातल्या दोन माणसांविषयी सांगतो.

पहिला इंग्लंडचा जोसेफ व्हिटवर्थ. मोजायचं तर आधी एक खरीखुरी सपाट जागा हवी. पण सपाट आहे हे ठरवायचं कशावरून? दोन लोखंडी पाट्या एकमेकींवर रंग लावून घासल्या आणि जिथं जिथं रंग लागला तिथलं टोक खरवडत गेलं, तर त्या दोन्ही एकमेकींशी तंतोतंत जुळतील. पण एक पाटी वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तिच्यात बसेल अशी फुगीर असली तरी त्या जुळतीलच. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी. तिघीही आपसांत जुळल्या तरच त्या सपाट. ही पद्धत व्हिटवर्थनं १८४० मध्ये जाहीरपणे मांडली. दोघांचं एकमत झालं म्हणजे गोष्ट खरी ठरते असं नाही, तिसरा साक्षीदार लागतो, ही व्यवहारातली शहाणीव त्यात आहे. पुढच्याच वर्षी त्यानं बोल्टच्या आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. त्याच्या नावाचे बोल्ट आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर अजून भेटतात.

दुसरा स्वीडनचा कार्ल एडवर्ड जोहान्सन. तो बंदुकांच्या सरकारी कारखान्यात कामाला होता. जर्मनीतल्या माउझर कारखान्यात त्यानं पाहिलं, की प्रत्येक मापासाठी पोलादाचा वेगळा ठोकळा आहे आणि असे शेकडो ठोकळे सांभाळावे लागतात. परतीच्या आगगाडीत त्याच्या मनात विचार आला, की मोजके ठोकळे एकमेकांना जोडून हवं ते माप का तयार करू नये? १८९६ मध्ये त्यानं १०२ ठोकळ्यांचा संच आखला. त्यातून एक शतांश मिलिमीटरच्या पायरीनं सुमारे वीस हजार मापं तयार होतात. समजा ३१.३७ मिलिमीटर हवेत. मग १.३७ चा एक ठोकळा, ५ चा एक आणि २५ चा एक. झालं. घरी बायकोच्या शिवणयंत्रात फेरफार करून त्यानं हे ठोकळे घासले, असं सांगतात. ते इतके गुळगुळीत असतात, की एकावर एक सरकवून दाबले की चिकटून बसतात. आपल्याकडे त्यांना 'स्लिप गेज' म्हणतात. १९२३ मध्ये हेन्री फोर्डनं जोहान्सनला अमेरिकेत आपल्याकडे बोलावून घेतलं, यावरून त्याची किंमत कळावी.

कामगाराच्या हातात मात्र याहून सोपं साधन गेलं. त्याचं नाव 'गो – नो गो' गेज. एका टोकाचा खिळा भोकात जायलाच हवा, दुसऱ्या टोकाचा जाता कामा नये. पहिला गेला नाही तर भोक लहान आणि दुसरा गेला तर मोठं. वाचता येत नसलेला माणूसही हे काम बिनचूक करू शकतो. आमच्या माण-खटाव, तासगाव-पलूसकडच्या शेतकऱ्यांची मुलं कारखान्यात टर्नर-फिटर झाली, त्यात या साध्या साधनाचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. अचूकपणाचं ज्ञान साहेबाच्या डोक्यात राहिलं असतं तर कारखाना चालला नसता. ते पोलादाच्या दोन खिळ्यांत उतरलं म्हणून चालला.

पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर

आता एक गंमत पाहा. किर्लोस्करवाडी आणि सातारा रोड ही दोन्ही स्टेशनं ज्या पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत, तो मूळचा मीटरगेज. रुळांतलं अंतर बरोबर एक मीटर. इंग्रजांच्या राज्यात, फूट-इंचांच्या देशात हा मीटर आला कुठून? १८७० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंच्या काळात हिंदुस्थानात दशमान मापं आणण्याचा बेत होता. त्या भरवशावर रुळांचं अंतर मीटरमध्ये ठरलं. रूळ आले, मापं मात्र आलीच नाहीत. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं मीटरच्या रुळांवरून आलेलं लोखंड आपण इंचात कापत राहिलो.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्यानं लागू झाली. बाजारात शेर जाऊन किलो आला, त्याच्या आठवणी अनेक घरांत आहेत. पण कारखान्यात काय झालं, ते कुणी फारसं सांगत नाही. लेथ इंची होते. त्यांचा आट्यांचा मुख्य स्क्रू इंचाच्या हिशेबानं कापलेला. त्यावर मिलिमीटरचे आटे कसे पाडायचे? लेथ फेकून द्यायची ऐपत कुणाची नव्हती. उत्तर एका दातेरी चाकात होतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि म्हणून पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. १२७ या संख्येला दुसऱ्या कशानंही भाग जात नाही, त्यामुळं त्याहून लहान चाकात हे साधत नाही. १२७ दात्यांचं गिअर लावलं की इंची लेथ मिलिमीटरचे आटे काढून देतो. हे गिअर ज्या वर्कशॉपमध्ये असे, तिथं ते सोन्याच्या दागिन्यासारखं जपत. अजूनही जुने टर्नर "दोन थाऊ काढ" म्हणतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन. शेजारचा पोरगा मनातल्या मनात पन्नास मायक्रॉन असा हिशेब करतो आणि काम पुढं जातं. जिभेवरचा इंच कायद्यानं जात नाही.

वीस अंश कुणाचे?

आता मुद्द्याची गोष्ट. लोहाराच्या धावेचं मघाशी सांगितलं. तापलं की लोखंड वाढतं. मग कुठल्याही वस्तूचं खरं माप कोणतं? सकाळचं की दुपारचं? माघातलं की वैशाखातलं? एक मीटर पोलादी दांडा तापमानात एक अंशानं वाढ झाली की सुमारे साडेअकरा मायक्रॉन लांबतो. म्हणून जगानं एक तापमान ठरवून घेतलं. पूर्वी फ्रान्सचा मीटर शून्य अंशाला आणि इंग्लंडचा यार्ड ६२ अंश फॅरनहाइटला मोजत. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण ठरलं. नकाशावर ५० मिलिमीटर लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ वीस अंशाला ५० मिलिमीटर.

वीस अंश हे थंड देशांतल्या कारखान्यांना सोयीचं तापमान. आमच्या सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. म्हणजे आमचा माणूस नेहमीच प्रमाणापासून पंधरा-वीस अंश दूर उभा राहून काम करतो.

याची किंमत कशी मोजावी लागते, ते काही वर्षांपूर्वी जवळून पाहिलं. सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ टाकून व्यवसाय करणारा एक ओळखीचा गृहस्थ माझ्याकडे आला. एका मोठ्या कंपनीसाठी त्यानं गनमेटलचे दोनशे बुश बनवले होते. बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर आणि सूट १९ मायक्रॉन. म्हणजे ५९.९८१ पासून ६०.००० पर्यंत चालणार. कंपनीनं सगळा माल परत पाठवला. माप कमी भरलं होतं.

"सर, एकेक बुश मी स्वतः मोजलाय. ५९.९८५ च्या खाली एकही नाही. हे लोक मुद्दाम करतात," तो म्हणाला. बँकेचा हप्ता तोंडावर होता आणि बायकोचे दागिने आधीच गहाण.

मी त्याचा मायक्रोमीटर पाहिला. तो चांगला होता. त्याचा हातही चांगला होता. कंपनीची मोजणीची खोलीसुद्धा नियमानुसार होती, वातानुकूलित, वीस अंशांची. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मग फरक कुठून आला? त्यानं मोजलं तेव्हा शेडमध्ये ३८ अंश होते. बुशही ३८ अंशाला आणि पोलादी मायक्रोमीटरही ३८ अंशाला. दोन्ही एकाच धातूचे असते तर फारसं बिघडलं नसतं, दोन्ही सारखेच वाढले असते. पण गनमेटल पोलादापेक्षा दीडपटीहून अधिक वाढतं. ६० मिलिमीटरवर अठरा अंशांच्या फरकानं बुश वीस मायक्रॉन फुगला होता, मायक्रोमीटर फक्त बारा. मधला सात-आठ मायक्रॉनांचा फरक त्याला दिसणं शक्यच नव्हतं. थंड खोलीत गेल्यावर तो उघडा पडला. ५९.९८५ चा बुश ५९.९७७ झाला. हद्दीच्या चार मायक्रॉन बाहेर.

मी कागदावर आकडे मांडून दाखवले. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे उन्हानं खाल्ले म्हणायचे." दोनशे बुश भंगाराच्या भावानं गेले. नकाशा वीस अंशाचा होता आणि नकाशाप्रमाणे कंपनीचंच बरोबर होतं. पण वातानुकूलित खोलीसाठी जो खर्च कंपनीला किरकोळ असतो, तो दोन लेथवाल्याच्या वर्षाच्या नफ्याएवढा होतो, हेही तेवढंच खरं. अचूकपणाची वाटणी समान नसते. प्रमाण सगळ्यांना एकच, ते गाठण्याचा खर्च मात्र ज्याच्या त्याच्या माथी.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही. त्याच गनमेटलचा एक नमुना, म्हणजे 'मास्टर', नीट बनवून घ्यायचा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वीस अंशाला त्याचं माप काढून त्याचा दाखला घ्यायचा. मग तो मास्टर रात्रभर कामाच्या बुशांशेजारी एकाच बीडाच्या सरफेस प्लेटवर ठेवायचा. सकाळी डायल लावून बुश मास्टरपेक्षा किती कमी-जास्त, एवढंच पाहायचं. दोन्ही एकाच धातूचे, दोन्हींचं तापमान एकच. ऊन दोघांनाही सारखंच फुगवतं आणि वजाबाकीत नाहीसं होतं. त्या गृहस्थानं तसा मास्टर करून घेतला. शिवाय हद्दीच्या कडेला न जाता मधोमध माप ठेवायची सवय लावली. आज त्याच्या नोंदवहीत मापाच्या शेजारी तापमानाचा एक रकाना आहे.

एका साखळीतल्या कड्या

त्या दाखल्यामागं काय उभं असतं, तेही सांगायला हवं. वर्कशॉपमधला मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासला जातो. ते स्लिप गेज प्रयोगशाळेतल्या अधिक अचूक गेजवर, आणि ते पायरीपायरीनं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत. या प्रयोगशाळेचं उद्‌घाटन १९५० मध्ये सरदार पटेलांच्या हस्ते झालं. १९५७ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय मीटर करारात सामील झाला. एकेकाळी मीटर म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दांडा होता. १९६० मध्ये दांडा जाऊन त्याच्या जागी क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाची तरंगलांबी आली. १९८३ पासून प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर कापतो, तेवढा मीटर. म्हणजे कुपवाड किंवा पलूसच्या शेडमधला मायक्रोमीटर या साखळीनं थेट प्रकाशाच्या वेगाशी बांधलेला आहे. साखळीतली एक कडी जरी निसटली, दाखल्याची मुदत संपली, गेज हातातून पडून त्याचा कोपरा उडाला आणि कुणी सांगितलं नाही, तर खालचे सगळे आकडे नुसते आकडे उरतात.

आता संगणकाच्या मदतीनं तिन्ही दिशांनी मोजणारी यंत्रं आली आहेत. ती थकत नाहीत आणि कुणाच्या दबावाखालीही येत नाहीत, असं म्हणतात. पण त्यांच्यासमोर कोणता जॉब ठेवायचा, तो पुसून ठेवायचा की नाही, थंड होऊ द्यायचा की घाईनं मोजायचा, हे अजून माणूसच ठरवतो. महिनाअखेरीला माल पाठवायची घाई असते. "एवढ्यानं काय होतंय, कर पास," असा आवाज प्रत्येक मोजणाऱ्यानं कधी ना कधी ऐकलेला असतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतून आणि गावोगावच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना मायक्रोमीटर वाचायला शिकवता येतं. या आवाजाला 'नाही' म्हणायला शिकवणं अवघड आहे.

ते का म्हणायचं, याचं उत्तर मला जतच्या आणि आटपाडीच्या वाटेवर सापडतं. आपल्या जिल्ह्यांच्या पश्चिमेला पाऊस मावत नाही आणि पूर्वेला तो येत नाही. तिकडे विहिरीवरचा पंप बंद पडला की शेतकरी तालुक्याच्या गावी दुकानात जाऊन एक सुटा भाग विकत घेतो. तो बनवणारा त्याला ठाऊक नसतो आणि मोजणाराही नाही. दुपारच्या उन्हात विहिरीच्या काठावर पाना घेऊन बसलेला तो माणूस खोक्यातला भाग काढतो आणि तो बसेल असं गृहीत धरून चालतो. खाली पिकाला पाणी हवं असतं. त्यानं गृहीत धरलेलं खरं ठरावं, एवढ्यासाठीच मोजणीच्या खोलीत चार मायक्रॉनांवरून भांडायचं असतं.